मदत हवी आहे: रविवारी चॅरिटी रन आणि अंदाज वादळाचा

ओवी_
नमस्कार मंडळी. रविवारी पहाटे चॅरिटी रन आहे, ५ आणि १० किमी. आजचा अंदाज बघून झोप उडालीये. वादळी पाऊस, सोसाट्याचा वारा, नकाशावर सगळं केशरी. सगळं ठरलंय, आता माघार घेणं अवघड आहे. अशा हवेत ज्यांनी रन केलीये त्यांनी कृपया पटकन सांगा, काय काय तयारी लागते? उद्या संध्याकाळपर्यंत सगळं पक्कं करायचंय. "घरी बसा" हा सल्ला नको, प्लीज.

कोरडे_मोजे
पहिली गोष्ट, सुती टी-शर्ट आणि सुती मोजे अजिबात नकोत. भिजले की जड होतात आणि कातडी सोलवटते. मांड्या, काखा आणि पायाच्या बोटांच्या बेचक्यांत व्हॅसलीन सढळ हाताने लावा. पुढे झाप असलेली टोपी घाला, म्हणजे डोळ्यांत पाणी जात नाही. सुरुवातीला उभं राहताना मोठी प्लॅस्टिकची पिशवी डोकं आणि हातांपुरती भोकं पाडून अंगात घाला, धाव सुरू होताना काढून स्वयंसेवकाकडे द्या. कोरड्या कपड्यांचा जोड शेवटच्या रेषेपाशी ठेवा. घरी आल्यावर बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि दर थोड्या वेळाने बदला. उन्हात किंवा हीटरपुढे ठेवू नका, तळ उखडतो.

सकाळची_धाव
मोज्यांशी सहमत. भर घालते: रस्त्यावरचे पांढरे पट्टे आणि गटारांची लोखंडी झाकणं ओली झाली की पाय सटकतो, त्यावर पाऊल टाकूच नका. पावलं आखूड ठेवा. डबक्याची खोली दिसत नाही, वळसा घाला. वारा समोरून असेल तर एकटं धावू नका, घोळक्याच्या मागे राहा. २०१८ ची बोस्टन मॅरेथॉन आठवा. मुसळधार पाऊस, समोरून वारा आणि कडाक्याची थंडी. भले भले आघाडीचे धावपटू अर्ध्यात सोडून गेले, आणि जिंकले युकी कावाउची आणि डेझिरी लिंडन. वेळेचा हट्ट सोडला की अशा हवेतही धावता येतं.

ओवी_
सगळ्यांचे आभार, पण मी धावणार नाहीये. रन आमची आहे, आमच्या गटाने भरवलीये. मार्ग आणि स्वयंसेवक माझ्याकडे आहेत.

निळी_छत्री
ओवीताई, मग सगळा प्रश्नच बदलला. आता हे सांगा: अंदाजात विजा आहेत की नुसता पाऊस-वारा? माणसं किती? मार्ग गोल आहे की एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे? वाटेत पक्क्या इमारती कुठे आहेत? आणि रन थांबवायची वेळ आली तर शेवटचा शब्द कुणाचा? यातलं काहीच माहीत नसताना सल्ला देणं बरोबर नाही.

ओवी_
नोंदणी साधारण बाराशे, त्यात शाळकरी मुलं आहेत आणि काही ज्येष्ठ चालत येणार आहेत. १० किमीचा मार्ग तळ्याकाठच्या रस्त्याने जाऊन तिथूनच परत. अंदाजात "मेघगर्जनेसह" लिहिलंय, विजेचं वेगळं काही नाही. आडोशाची काळजी नाही, पाण्याच्या प्रत्येक टेबलावर मंडप टाकलाय.

निळी_छत्री
मेघगर्जना म्हणजेच वीज. विजेवाचून गडगडाट होत नाही. आणि मंडप हा विजेपासूनचा आडोसा नाही, झाडही नाही. पावसात लोक नेमके तिथेच गोळा होतात म्हणून हे आधी सांगतोय. आत वायरिंग आणि नळ असलेली पक्की इमारत चालते, किंवा धातूचं छप्पर असलेली बंद गाडी. तळ्याकाठचा मोकळा रस्ता ही अशा वेळी सगळ्यात वाईट जागा.

वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंत सेकंद मोजा. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण ३ सेकंद लागतात, म्हणजे ३० सेकंद झाले तर वीज १० किमीवर आहे. तेवढ्यात आली की रस्त्यावर कुणीही नको. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर ३० मिनिटं थांबायचं, मधे पुन्हा ऐकू आला तर घड्याळ पहिल्यापासून. पाऊस थांबलाय म्हणून सोडू नका. वीज पावसाच्या पट्ट्याबाहेरही कित्येक किलोमीटर लांब पडते.

अप्पा६२
मी आयुष्यभर पावसात धावलोय. इतकी भीती घातली तर रन भरवायचीच कशाला? लोकांनी महिनोन्‌महिने सराव केलाय, कुणी आईच्या नावाने धावणार आहे, कुणी भावाच्या. पावसाने माणूस विरघळत नाही. स्वयंसेवक खंबीर ठेवा, रन होऊ द्या.

निळी_छत्री
अप्पा, पावसात धावायला माझा विरोध नाही, विजेत धावायला आहे. आणि अनुभवी धावपटूंचं सोडा, चालत येणारे आजोबा १० किमीला दोन तास घेतील. वादळ त्यांनाच गाठणार. थंडीचंही तेच. ओल्या कपड्यांत वारा लागला की अंग झपाट्याने गार पडतं, धावणं थांबल्यावर तर अधिकच. २०२१ च्या मे महिन्यात चीनच्या गान्सू प्रांतात १०० किमीच्या डोंगरी शर्यतीत अचानक गारा, गोठवणारा पाऊस आणि वादळी वारा आला. १७२ पैकी २१ जण गेले. ते पट्टीचे धावपटू होते.

अप्पा६२
डोंगरातली शंभर किलोमीटरची शर्यत आणि रस्त्यावरची पाच किलोमीटर एका मापाने मोजू नका. आजोबांचं मात्र पटलं, ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

वायर_आणि_कमान
मी अशा कार्यक्रमांची मांडणी करतो, म्हणून रन होणार की नाही यापेक्षा मला दुसरी काळजी आहे. हवेने फुगवलेली कमान आहे का? असेल तर रविवारी उभारूच नका. वाळूची पोती बांधली तरी वावटळीत ती शिडासारखी वारा धरते आणि बाजूला उभ्या माणसांवर येते. कापडी फलकांना वारा आरपार जाण्यासाठी चिरा द्या, नाहीतर सरळ काढून टाका. जनरेटर उंच जागी, केबलचे जोड जमिनीपासून वर आणि झाकलेले. टायमिंगच्या मॅट (धावपटू वरून गेला की त्याची वेळ टिपणाऱ्या पट्ट्या) पाणी साचेल तिथे टाकू नका, नाहीतर निकालांचा घोळ निस्तरत बसाल.

नवा_धावपटू
मीही पहिल्यांदाच ५ किमी धावणार आहे (दुसऱ्या रनमध्ये). पहिला किलोमीटर हळू घ्यावा का? आणि गुडघ्याला पट्टा बांधावा का?

सकाळची_धाव
हळूच घ्या, बोलता येईल इतक्या वेगाने. गुडघा दुखत नसेल तर पट्टा नको. पण यासाठी वेगळा धागा काढा ना.

हिशेबनीस
ओवीताई, खरी अडचण पैशांची आहे का? रन रद्द झाली तर लोक परत मागतील असं वाटतंय? बहुतेक जण मागत नाहीत, पण ते त्यांच्यावर सोडा. आजच मेल करा: रन झाली नाही तर महिनाभरात कधीही आपापल्या जागी तेवढं अंतर धावा, फोटो पाठवा, मेडल मिळेल, आणि ज्याला पैसे परत हवे असतील त्याला मिळतील. देणगीदारांनाही आधीच कळवा. विम्यात खराब हवामान धरलंय का ते आत्ताच वाचा. २०१२ मध्ये सँडी चक्रीवादळानंतर न्यूयॉर्क मॅरेथॉन जेमतेम दोन दिवस आधी रद्द केली. तोवर हजारो लोक शहरात येऊन पोचले होते आणि राग आला तो उशिराचा.

ओवी_
पैशांचीच धास्ती आहे, लपवत नाही. डायलिसिसचं यंत्र घ्यायचंय. ज्यांच्यासाठी घेतोय त्यांच्यातले दोघे झेंडा दाखवायला येणार आहेत. म्हणून रद्द हा शब्द तोंडातून निघत नव्हता.

परिचारिका_स
ते दोघे पावसात ताटकळत उभे राहणार नाहीत एवढं बघा, त्यांना आत बसवा. स्वयंसेवकांना आणखी एक सांगा: वीज अंगावर पडलेल्या माणसाला हात लावायला घाबरू नका, त्याच्या अंगात वीज साठून राहत नाही. श्वास किंवा नाडी नसेल तर ताबडतोब सीपीआर (छाती दाबून आणि तोंडाने श्वास देऊन जीव वाचवण्याचा उपाय), आणि एकाने रुग्णवाहिकेला फोन. एका वेळी अनेकांना लागली तर निपचित पडलेल्याकडे आधी जा, कण्हणाऱ्याकडे नंतर. एरवीच्या उलट आहे हे. शेवटच्या रेषेपाशी चकचकीत फॉइलच्या चादरी हव्यात, पण ओला शर्ट काढून मग गुंडाळा. कुणी असंबद्ध बोलायला लागलं किंवा थरथर अचानक थांबली तर "बरं वाटतंय" म्हणाला तरी सोडू नका.

ओवी_
आत्ताच बैठक झाली. १० किमी रद्द, तळ्याकाठचा रस्ता पूर्ण बंद. शाळेच्या इमारतीभोवती सव्वा किलोमीटरच्या चार फेऱ्या, म्हणजे कुणीही दारापासून लांब नसेल. मुलं आणि ज्येष्ठ एकच फेरी. कमान नाही, मंडप नाहीत. सुरुवात दोन तास पुढे ढकलता येईल, त्यापुढे रद्द. थांबवायचा अधिकार फक्त आमच्या डॉक्टरताईंना, प्रायोजकांशी बोलणाऱ्यांना नाही. हिशेबनीस म्हणाले तसा मेल लिहितेय. बस दोन मिळाल्यात, आणखी दोन बघतोय.

निळी_छत्री
उत्तम. थांबवल्याची खूण काय? भोंगा वाऱ्यात ऐकू येत नाही.

ओवी_
प्रत्येक वळणावर लाल झेंडा आणि शिट्टी. वॉकीटॉकी चार आहेत, वळणं सहा.

अप्पा६२
उरलेल्या दोन वळणांसाठी माझ्या गटातली माणसं देतो, सगळ्यांकडे फोन आहेत. मी स्वतः शेवटच्या चालणाऱ्याच्या मागे राहतो. नंबर मेसेज करतो तुम्हाला.