घरात मांजर असताना केकचा व्यवसाय करावा का, आणि केल्यास ग्राहकाला आधी सांगावे का?

चांदणवेल (धागाकर्ती)

गेली सहा वर्षे मी घरून केक आणि ब्रेड करून विकते, आणि त्याच्याही आधीपासून आमच्याकडे एक पिवळा बोका आहे. आपण नीट काळजी घेतली की दोन्ही गोष्टी एका घरात नांदतात, असे मी आजवर धरून चालले होते. गेल्या महिन्यात त्या विश्वासाला तडा गेला, म्हणून हा धागा काढत आहे.

लग्नाच्या वाढदिवसाचा दुमजली केक होता. पांढरे बटरक्रीम लावून कडा सारख्या केल्या होत्या आणि खोक्यात ठेवण्यापूर्वी, माझ्या नेहमीच्या सवयीने, टेबलावरचा दिवा तिरका धरून टर्नटेबल सावकाश फिरवत मी केक न्याहाळत होते. खालच्या थराच्या कडेला, अर्धा क्रीममध्ये रुतलेला आणि अर्धा बाहेर आलेला, एक पिवळसर केस दिसला. समोरून तो दिसतच नव्हता. उजेड बाजूने पडला तेव्हा त्याची बारीक सावली क्रीमवर उमटली, तेवढीच काय ती खूण. बोका सकाळपासून स्वयंपाकघरात आलेला नव्हता, दार लावलेले होते, ओटा पुसलेला होता. मात्र त्याला उचलून दुसऱ्या खोलीत ठेवल्यावर मी त्याच कपड्यांवर ॲप्रन बांधून कामाला लागले होते, आणि ॲप्रनला बाह्या नसतात.

चिमट्याने केस काढून तेवढी जागा पुन्हा सारखी केली असती, तर कोणाला काही कळले नसते. मी ग्राहकांना फोन करून झाले ते सांगितले आणि वेळ हाताशी असल्यामुळे नवा केक करून देण्याची तयारी दाखवली. त्यांनी शांतपणे विचारले, "तुमच्या घरी मांजर आहे, हे तुम्ही ऑर्डर घेताना का सांगितले नाही?" आणि ऑर्डर रद्द केली. केस सापडल्याचा त्यांना फारसा राग आलेला नव्हता. आपल्याला निवड करण्याची संधीच मिळाली नाही, याचे त्यांना वाईट वाटले होते, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

अंडे, दूध, गहू, सुकामेवा यांची कल्पना आपण ग्राहकाला न विचारता देतो. तशीच, घरात पाळीव प्राणी असल्याची कल्पना ऑर्डर पक्की करण्यापूर्वी प्रत्येक होम बेकरने द्यावी, असे आता माझे ठाम मत झाले आहे. आपली मते वाचायला आवडतील, विरोधी असली तरी.

तळटीप

चांदणवेल, तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल आदर आहे, परंतु त्यातून तुम्ही काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. पदार्थात काय घातले आहे हे सांगणे विक्रेत्याचे कर्तव्य आहे. आपल्या घरात कोण राहते हे सांगणे तसे नाही. अंडे आणि सुकामेवा केकमध्ये असतातच, मांजर केकमध्ये नसते. या दोन गोष्टी एका रांगेत बसवल्या की आपण स्वच्छ काम करतच नाही, अशी कबुली आपणच देऊन टाकतो.

धोक्याचे मोजमापही जरा शांतपणे करावे. क्रीम भरलेल्या बेकरी पदार्थांमधून होणाऱ्या विषबाधेत फार जुना आणि परिचित जंतू म्हणजे स्टॅफिलोकॉकस ऑरियस, आणि तो बहुधा माणसाच्या नाकातून, त्वचेवरून, हातावरच्या पिकलेल्या जखमेतून येतो. त्याने पदार्थात सोडलेले विष उष्णतेलाही दाद देत नाही, त्यामुळे नंतर गरम करूनही उपयोग होत नाही. बोटाला जखम असताना हातमोजा न घालता क्रीम फेटणारी व्यक्ती ग्राहकाला काही कळवते का? नाही, आणि तिला कोणी विचारतही नाही. मांजराचे नाव निघाले की मात्र सर्वांच्या कपाळावर आठ्या पडतात.

मांजराची ॲलर्जी असलेल्यांना त्रास होतो तो प्रामुख्याने श्वासावाटे. म्हणून ग्राहकाला सांगायचेच असेल तर आपण स्वच्छतेसाठी काय करतो ते सांगावे. घरातल्या सदस्यांची यादी देऊ नये.

नदीकाठ

मी या दोन्ही मतांच्या पलीकडे जाऊन लिहितो. ज्या घरात मांजर किंवा कुत्रा मोकळा फिरतो, त्या घराच्या स्वयंपाकघरातून विक्रीसाठी अन्न बाहेर पडूच नये. सुरक्षित अन्नासाठी जागतिक आरोग्य संघटनेने 2001 मध्ये जी पाच सूत्रे पत्रकाच्या रूपात मांडली, त्यांतले पहिलेच सूत्र स्वच्छतेचे आहे, आणि त्यात स्वयंपाकाची जागा व अन्न यांना कीटकांप्रमाणेच इतर प्राण्यांपासूनही जपावे असे स्पष्ट म्हटले आहे. युरोपीय संघाचा 2004 चा अन्नस्वच्छतेचा नियमही अन्न जिथे तयार होते, हाताळले जाते किंवा साठवले जाते तिथे पाळीव प्राण्यांना प्रवेश मिळू नये, याची व्यवस्था करायला सांगतो.

धागाकर्तीने दार लावले होते, हे मान्य. रात्री दोन वाजताही ते लावलेले असते का? मांजर माती किंवा वाळू उकरून येते आणि त्याच पायांनी ओट्यावर चढते. केक ओव्हनमधून निघाला की तासभर, कधी त्याहूनही जास्त वेळ, जाळीवर उघडा निवत असतो. त्या वेळी तो उबदार असतो, आणि ऊब मांजराला कशी ओढते हे पाळणाऱ्यांना मी सांगायला नको. भाजताना जंतू मरतात, हा युक्तिवाद इथेच थांबतो. ओव्हननंतर जे जे होते, म्हणजे निववणे, कापणे, क्रीम लावणे, सजवणे, त्यानंतर पुन्हा उष्णता नाही. केकचे निम्मे काम ओव्हननंतरचे आहे.

घरच्यांसाठी हवे ते करावे. पैसे घेतले की जबाबदारी वेगळी होते.

तळटीप

नदीकाठ यांनी दिलेल्या युरोपीय नियमाचा पुढचा भागही वाचावा लागेल. अधिकाऱ्यांनी विशेष बाब म्हणून परवानगी दिल्यास, प्राण्याच्या वावरातून अन्न दूषित होणार नाही अशी व्यवस्था पुरेशी मानण्याची सोय त्याच कलमात आहे. मूळ अपेक्षाही प्राणी अन्नाच्या जागेपासून दूर असावा इतकीच आहे. तो घरातच नसावा, असे कलमात म्हटलेले नाही. "घर" आणि "अन्नाची जागा" यांतले अंतर नेमके किती, यावर आपण वाद घालू शकतो, पण ते अंतरच नाही असे म्हणणे बरोबर नाही.

मांजराच्या विष्ठेची भीती घालतानाही पूर्ण माहिती द्यावी. टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीचे विष्ठेतून पडणारे अंश ताजे असताना संसर्ग करू शकत नाहीत, त्यांना त्यासाठी 1 ते 5 दिवस लागतात. शिवाय मांजर ते सहसा पहिल्या संसर्गानंतरचे काही आठवडेच बाहेर टाकते. कच्चे मांस न खाणाऱ्या, बाहेर शिकारीला न जाणाऱ्या मांजराची मलपेटी रोज साफ केली, तर हा धोका खूपच खाली येतो. मात्र निवणाऱ्या केकचा तुमचा मुद्दा मी मान्य करतो. त्यावर माझ्याकडे झाकणाशिवाय दुसरे उत्तर नाही.

उत्तरायण

मी बेकर नाही, ग्राहक आहे. माझ्या मुलीला दमा आहे आणि मांजराची तीव्र ॲलर्जी आहे. त्यामुळे तळटीप यांचे "प्रामुख्याने श्वासावाटे" हे शब्द मी दोनदा वाचले. ते चुकीचे नाहीत, पण त्यावरून सांगण्याची गरज नाही असे कसे ठरते, हे मला उमगले नाही.

मांजराच्या ॲलर्जीचे मुख्य कारण म्हणजे फेल डी 1 नावाचे एक प्रथिन. ते मांजराच्या लाळेत आणि त्वचेतल्या तैलग्रंथींमध्ये तयार होते, अंग चाटताना केसांना लागते आणि वाळून मांजराच्या त्वचेच्या कोंड्याच्या अतिसूक्ष्म कणांबरोबर हवेत तरंगते. मांजर घरातून गेल्यावरही ते गाद्या, पडदे, सोफे यांत काही महिने टिकते. कपड्यांना चिकटून ते जिथे मांजर कधीच नव्हते अशा शाळांच्या वर्गांतही पोचते. म्हणजे केस दिसला नाही म्हणून काहीच नाही, असे म्हणता येत नाही.

आता आमचा अनुभव सांगतो. वाढदिवसाचा केक आणायला आम्ही एका बेकरबाईंच्या घरी गेलो होतो. त्यांनी आग्रहाने आत बसवले, मुलीला सजावट दाखवली. मांजर दुसऱ्या खोलीत बंद होते, आम्हाला ते दिसलेही नाही. दहा मिनिटांत मुलीचे डोळे लाल झाले आणि घरी पोचेपर्यंत इन्हेलर द्यावा लागला. केक उत्तम होता, स्वयंपाकघरही लखलखीत होते. त्या बाईंचा हेतू चांगलाच होता. "घरात मांजर आहे" एवढे एक वाक्य आधी कळले असते, तर मी मुलीला गाडीत बसवून एकटा वर गेलो असतो. तेवढ्यासाठी कोणाला आपला व्यवसाय बंद करायला सांगण्याची मला गरज वाटत नाही, आणि नदीकाठ यांची भूमिका मला म्हणूनच टोकाची वाटते.

शंखपुष्पी

आमच्याकडे दोन कुत्री आहेत आणि मी ब्रेड करते. या चर्चेत प्राण्यांचा विचार फक्त अस्वच्छतेचे कारण म्हणून होत आहे, हे मला खटकले. बेकरीचे सामान असलेले घर प्राण्यांसाठीच धोक्याचे असते, आणि दार बंद ठेवण्याचे माझ्या दृष्टीने पहिले कारण ते आहे.

चॉकलेटमधले थिओब्रोमीन हे द्रव्य कुत्र्यांना विषारी असते आणि कुत्र्याच्या शरीरातून फार हळू बाहेर पडते. साखर नसलेल्या कोको पावडरमध्ये ते इतके दाट असते की तीन-चार मोठे चमचे पावडर 10 किलोच्या कुत्र्याला गंभीर अवस्थेत नेऊ शकते. साखरेऐवजी वापरले जाणारे झायलिटॉल पोटात गेले, तर कुत्र्याच्या रक्तातली साखर झपाट्याने उतरते आणि यकृतालाही इजा होऊ शकते. मनुक्यांनी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. आणि जे कोणी सांगत नाही, ते म्हणजे यीस्ट घातलेली कच्ची कणीक.

माझ्या धाकट्या कुत्रीने एकदा फुगायला ठेवलेल्या कणकेचा मोठा लचका तोडला. भांड्यावरचे ओले फडके जमिनीवर पडलेले होते आणि कणकेत तिच्या दातांची कमान स्पष्ट उमटलेली होती. पोटातल्या उबेत कणीक फुगतच राहते आणि त्यातून तयार होणारी अल्कोहोल रक्तात भिनते, हे मला त्या रात्री डॉक्टरांकडून कळले. ती लडखडत चालत होती, पोट ढोलासारखे ताणले होते. वेळेवर उपचार मिळाल्यामुळे वाचली. भांडे मी ओट्यावर, भिंतीलगत ठेवले होते आणि तेवढे पुरेसे आहे असे समजले होते.

त्याबरोबरच एक अडचणही प्रामाणिकपणे मांडते. मोठ्या ऑर्डरच्या दिवशी मी आठ-नऊ तास काम करते, आणि तेवढा वेळ कुत्र्यांना एका खोलीत कोंडणे मला अन्यायाचे वाटते. म्हणून मी ऑर्डर कमी घेते आणि मधे दोनदा थांबून त्यांना फिरवून आणते. दर वेळी परतल्यावर हात कोपरापर्यंत धुणे आणि कपडे बदलणे आलेच. उत्पन्न घटले आहे. ज्यांना हे परवडणार नाही त्यांनी काय करावे, याचे उत्तर मला देता येत नाही. पण "काळजी घेतली की झाले" असे म्हणणाऱ्यांनी या कामाला दिवसातला किती वेळ जातो, तेही सांगावे.

पहाटफेरी

"पाळीव प्राणी" हा शब्द फार ढोबळ आहे. काचेच्या टाकीतला मासा आणि मोकळी फिरणारी मांजर यांना एकच नियम लावता येणार नाही. कासव शांत आणि स्वच्छ दिसते, परंतु त्याच्या अंगावर साल्मोनेला हा विषबाधा करणारा जंतू असू शकतो. पोपटाच्या पिसांची भुकटी पंख्याच्या एका झोतात घरभर होते, आणि नॉनस्टिक भांडे अति तापले तर त्याच्या धुराने पोपटच मरू शकतो. तेव्हा ग्राहकाला सांगताना प्राण्याचे नाव घेऊनच सांगावे.

आमच्या स्वयंपाकघराला दारच नव्हते, फक्त चौकट होती. मी तिथे जाळीचे दार बसवून घेतले आहे. हवा खेळती राहते आणि मांजर आत येत नाही. इतरांनाही हा उपाय सुचवेन.

उत्तरायण

जाळीने मांजर अडते, कोंडा अडत नाही. ॲलर्जीचा विचार करत असाल, तर दार भरीवच हवे.

नदीकाठ

शंखपुष्पी यांचा प्रतिसाद वाचल्यावर माझे मत थोडे बदलले आहे, मात्र चांदणवेल यांच्या बाजूने नाही. इतका वेळ आणि इतकी शिस्त रोज पाळणारे किती जण असतील, हा माझा प्रश्न आहे. जो पाळतो त्याला माझा विरोध नाही. ज्याच्या स्वयंपाकघराला भरीव दार नाही, त्याने मात्र विक्री करू नये, एवढ्यावर मी ठाम आहे.

चांदणवेल (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. तळटीप, तुमचा जखमेचा मुद्दा मला लागू पडला. सुरीने बोट कापले असतानाही मी नुसती पट्टी लावून काम केलेले आहे, यापुढे करणार नाही. परंतु न सांगण्याबद्दलचे तुमचे मत मला आजही मान्य नाही. ग्राहक आपल्या घरात डोकावू शकत नाही, आणि त्याला जे दिसत नाही ते सांगण्याची जबाबदारी, ज्याला दिसते त्याचीच आहे.

या दोन आठवड्यांत केलेले बदल लिहिते. कामाचे कपडे आता स्वयंपाकघरातल्याच एका बंद डब्यात असतात आणि दार लावल्यावर आतच बदलते. ॲप्रन काढून पूर्ण बाह्यांचा अंगरखा शिवून घेतला आहे. कोरडा केर काढणे बंद केले, कारण झाडूने कोंडा उडतो आणि बराच वेळ हवेत राहतो. ओल्या फडक्याने पुसून मगच भांडी बाहेर काढते. निवणाऱ्या केकवर उंच, बारीक जाळीचे झाकण ठेवते. वाफ अडत नाही आणि वरून काही पडले तर केकपर्यंत पोचत नाही. उत्तरायण, तुमच्या मुलीचा प्रसंग वाचल्यापासून केक मी स्वतः खाली नेऊन देते.

ऑर्डरच्या निरोपात सर्वांत वर आता हे वाक्य असते: "आमच्या घरी एक मांजर आहे. ते स्वयंपाकघरात येत नाही, तरीही घरात कोणाला मांजराची ॲलर्जी असल्यास कृपया ऑर्डर देण्यापूर्वी कळवावे." आतापर्यंत अकरा जणांना तो निरोप गेला आहे. दोघांनी ऑर्डर दिली नाही. एका बाईंनी केक मागवला आणि बोक्याचे नाव विचारले.