मदत हवी आहे: घरच्या फोटोंसाठी कॉम्पॅक्ट घ्यावा की डीएसएलआर?

मंडळी, कॅमेरा घ्यायचाय, पण छोटा कॉम्पॅक्ट घ्यावा की लेन्स बदलता येणारा मोठा डीएसएलआर, काही ठरत नाहीये. फोटो फक्त घरचेच, म्हणजे लेक नुकती चालायला लागलीये ती घरभर पळत असते, गणपतीत सगळं गणगोत जमतं आणि आईला अल्बममध्ये लावायला छापलेले फोटो हवे असतात. मोबाईलवर संध्याकाळी ट्यूबलाइटमध्ये काढलेले फोटो हलतात, आरतीच्या वेळी तर निरांजनाचा नुसता पांढरा ठिपका येतो नि चेहरे काळे.

वाचून एवढं कळलंय की साध्या कॉम्पॅक्टचा सेन्सर (उजेड टिपणारी आतली चिप) साधारण ६ बाय ४.५ मिमी असतो आणि कॅनन १५००डी सारख्या डीएसएलआरचा २२ बाय १५ च्या आसपास, त्यामुळे कमी उजेडात फरक पडणारच. पण सोबत येणारी १८-५५ लेन्स पूर्ण झूम केली की एफ ५.६ वर जाते, म्हणजे आत उजेड कमी येतो (एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त), मग ५० एमएम एफ १.८ ही बिनझूमची लेन्स वेगळी घ्यावीच लागते का? आणि छोट्या खोलीत तिच्यात सगळे जण मावतात का, की मागे सरकता सरकता भिंतच लागते?

दुसरा पर्याय सोनी आरएक्स१००, ‘एक इंच’ म्हणतात तो सेन्सर (प्रत्यक्षात साधारण १३ बाय ९ मिमी) आणि तरी खिशात मावतो. माझा कल तिकडेच आहे, कारण जड कॅमेरा घरात दुसरं कोणी हातात घेणार नाही आणि मग मी कुठल्याच फोटोत नसणार. पण पळणारं मूल त्यात नीट येतं का हो? लहान मुलं असलेल्यांनी प्लीज सांगा, सेकंडहँड पण चालेल, फक्त घेताना काय काय तपासायचं तेही लिहा.