देवळालीतली १९६९ची एमजीबी, मीटरवर १८,४०० मैल: खरं किती आणि किंमत किती?

गंगापूररोडकर

नमस्कार मंडळी. देवळाली कॅम्पातल्या एका जुन्या बंगल्याच्या गॅरेजमध्ये १९६९ची एमजीबी रोडस्टर (ब्रिटिश एमजी कंपनीची उघड्या छताची स्पोर्ट्स कार) उभी आहे. राइट-हँड ड्राइव्ह, तारेची चाकं. मूळ मालक वारले, आता वारस विकतायत. मीटरवर १८,४०० मैल. २००३ नंतर गाडी सुरू केलेली नाही आणि रंग कंपनीचाच आहे, असं त्यांचं म्हणणं. जुनं आरसी बुक आहे, सर्व्हिसची बिलं दोन-चारच. डाव्या सिलवर, म्हणजे दाराखालच्या पत्र्याच्या पट्टीवर, रंगाला फुगे आलेत. गॅरेजला फरशी नाही, खाली माती आहे.

मागणी २६ लाखांची आहे आणि तिला आधार परदेशातल्या लिलावांच्या बातम्यांचा. कमी रनिंग खरंच आहे हे कसं तपासायचं? त्या लिलावांचे भाव इथे धरायचे का? घेतली तर पूर्ण रंग करून घ्यावा का?

स्पॅनर१३

आधी मीटर. एमजीबीच्या स्मिथ्स मीटरला मैलांचे पाच आकडे आणि दशांशाचं एक चाक असतं. ९९,९९९ झाले की पुन्हा शून्य. त्यामुळे गाडी १८,४०० मैल चालली की १,१८,४००, हे मीटर सांगूच शकत नाही. ते लोखंडाला विचारावं लागतं.

इंजिनावरचं झाकण, म्हणजे रॉकर कव्हर, दोन नटांवर असतं, ते उघडा. रॉकरची (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्यांची) टोकं गुळगुळीत आहेत की खड्डे पडलेत ते पाहा आणि रॉकर शाफ्टच्या खालच्या बाजूला नख फिरवा. लाख मैल झालेल्या शाफ्टला तिथे पायरी लागते, अठरा हजाराच्या शाफ्टला लागत नाही. मग एसयू कार्ब्युरेटरचा थ्रॉटल स्पिंडल (झडप फिरवणारी दांडी) बोटांनी वर-खाली हलवा, खेळ जाणवायला नको. दार सहा इंच उघडून टोकाशी उचला, बिजागरी ढिली असेल तर लगेच कळेल. पुढच्या ब्रेक डिस्कच्या कडेला झिजून उरलेली धार आहे का ते बघा. तारेच्या चाकाचे स्प्लाइन (हबवरचे दाते) तपासायला चाक जॅकवर घ्या, दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि चाक पुढे-मागे हिसडा. कट्ट आवाज आला तर स्प्लाइन झिजलेत. पेडलची रबरं आणि स्टिअरिंग यांवर फार भिस्त ठेवू नका, ती नवी मिळतात.

मीटर याच गाडीचं आहे का, हेही बघायला हवं. डायलवर खालच्या बाजूला बारीक अक्षरात १२८० किंवा १००० असा आकडा असतो. एका मैलाला केबलने तितके फेरे घ्यायचे असतात. टायरमध्ये बरोबर हवा भरा, मीटरच्या मागून केबल सोडवा आणि आतल्या तारेला कागदी टेपचं छोटं निशाण लावा. गिअर न्यूट्रलला ठेवून सपाट जागेवर गाडी सरळ १६.०९ मीटर ढकला. एवढं अंतर म्हणजे मैलाचा शंभरावा भाग. निशाणाचे फेरे मोजून शंभराने गुणा. १२८०च्या मीटरला १२.८ फेरे यायला हवेत. दहाच आले तर मीटर दुसऱ्या गाडीचं आहे किंवा गिअरबॉक्स नाहीतर मागचा अॅक्सल बदललेला आहे. मग १८,४०० या आकड्याला काही अर्थ उरत नाही. इतकी वर्षं उभ्या गाडीचे ब्रेक चिकटलेले असतात, ते सुटेपर्यंत ही चाचणी करू नका. ओढत नेलं तर टायरवर चपटे डाग पडतील आणि मोजणीही चुकेल.

मीटरच्या क्रोम कड्यावर पक्कडीच्या खुणा असतील तर ते कधीतरी उघडलं गेलंय. दुरुस्तीसाठीही उघडतात, पण मग त्याचं बिल मागा.

लिलावाचा_अभ्यास

बातम्यांतले आकडे कुठून येतात ते बघा. फेब्रुवारी २०१५ मध्ये पॅरिसला आर्तक्युरियालच्या लिलावात बायों संग्रहातली फेरारी २५० जीटी कॅलिफोर्निया स्पायडर सुमारे १.६३ कोटी युरोला गेली, तीही वर्षानुवर्षांची धूळ अंगावर तशीच ठेवून. ते पाहून गॅरेजमधल्या प्रत्येक धुळकट गाडीचा मालक स्वप्न बघायला लागला. पण त्या गाडीच्या मोजक्याच प्रती बनल्या होत्या आणि तिचा इतिहास कागदोपत्री पक्का होता. एमजीबी १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून जास्त बनल्या. १९८८ पासून ब्रिटिश मोटर हेरिटेज तिची अख्खी नवी बॉडीशेलही विकते. इथे दुर्मिळतेला भाव नाही, न बदललेल्या मूळ मालाला भाव आहे.

दुसरं, छापून येतो तो आकडा बहुतेक वेळा बायर्स प्रीमियम धरून असतो. हातोडा पडतो त्या बोलीवर मोठी लिलावघरं साधारण १० ते १५ टक्के चढवतात. विकणाऱ्याच्या हातात बोलीतूनही कमिशन वजा होऊनच पैसे येतात. न विकल्या गेलेल्या, म्हणजे रिझर्व्ह किंमत न गाठलेल्या गाड्यांची बातमी होत नाही, म्हणून चित्र नेहमी चढंच दिसतं.

तिसरं, कमी रनिंगचा जास्तीचा भाव सरळ रेषेत चढत नाही. पाचशे-हजार मैलांची गाडी म्हणजे जवळजवळ न वापरलेली वस्तू, संग्राहक तिचे वेगळे पैसे देतो आणि तिला चालवत नाही. १८,४०० मैल म्हणजे साधारण २९,६०० किलोमीटर. ही चांगली, जपलेली गाडी म्हणता येईल, न वापरलेली नव्हे. आणि हा फरकही बिलांची साखळी असेल तरच मिळतो. अमुक साली इतके मैल, दोन वर्षांनी इतके, असं एकामागे एक दिसलं पाहिजे. तुमच्याकडे दोन-चार बिलं आहेत. प्रत्येकावरचं मायलेज आणि तारीख लिहून काढा, आकडा कुठे मागे गेलेला नाही ना ते तपासा.

आयातीचे निर्बंध आणि ड्यूटी यांमुळे तिकडची गाडी सहज इकडे येत नाही, म्हणून तिकडचा भाव इथे चिकटवता येत नाही. भारतात प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या एमजीबींचा भाव काढा, जाहिरातीतली मागणी धरू नका.

गंगापूररोडकर

धन्यवाद. काल थोडं बघून आलो. रॉकर शाफ्ट गुळगुळीत आहे, दारं घट्ट आहेत. रंगाची जाडी मोजणारं मीटर लावलं: बॉनेट ११० ते १३० मायक्रॉन, दारं साधारण १२०, डाव्या सिलच्या मागच्या भागात ९०० च्या वर. इंजिनाच्या प्लेटवरचा नंबर १८जीजी ने सुरू होतो, पण शेवटचे दोन आकडे आरसीशी जुळत नाहीत.

स्पॅनर१३

शंभर-सव्वाशे मायक्रॉन म्हणजे बॉनेट आणि दारांवर कंपनीचा रंग असण्याची दाट शक्यता. नऊशे म्हणजे पुट्टी. रोडस्टरला छप्पर नाही, सगळा भार सिलवर असतो, म्हणून तिथला गंज नुसता दिसण्यापुरता धरू नका. एमजीबीचं सिल तीन पत्र्यांचं आहे: बाहेरचा, आतला आणि मधला उभा पडदा. बाहेरच्या पत्र्याची टोकं पुढच्या आणि मागच्या विंगखाली जातात. स्वस्तात उरकणारे मधला दिसणारा तुकडा वरून वेल्ड करतात आणि आतला पडदा तसाच सडत राहतो. मातीच्या जमिनीवर उभी गाडी खालून ओल शोषते, त्यामुळे आतून सुरुवात झालेली असणार.

दार बंद असताना मागच्या कडेची फट मोजा, मग जॅकिंग पॉइंटवरून ती बाजू हळू उचला आणि पुन्हा मोजा. फट आकसली किंवा दार उघडताना अडलं, तर सिल गेलं. ते नीट करायचं तर मागच्या विंगचा खालचा भाग कापून तिन्ही पत्रे बदलावे लागतात आणि कापण्याआधी दाराच्या चौकटीत आधाराची पट्टी वेल्ड करावी लागते, नाहीतर बॉडी वाकते. एका बाजूला आठवड्याचं काम धरा, वेल्डर चांगला असेल तर.

इंजिनाची प्लेट ब्लॉकच्या उजव्या बाजूला रिव्हेटने बसवलेली असते, म्हणजे ती बदलता येते. रिव्हेट कंपनीचे वाटतात की बाजारातले, ते बघा. त्या काळचं मूळ इंजिन काळपट लाल रंगाचं असतं. मळाखाली सोनेरी रंग सापडला तर ते गोल्ड सील, म्हणजे कंपनीने रिकंडिशन करून बदलून दिलेलं इंजिन. ते वाईट नव्हे, पण मूळ नंबरांची गाडी म्हणून जास्तीचे पैसे देऊ नका. निकाल लावायला इंग्लंडमधल्या गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून हेरिटेज सर्टिफिकेट मागवा. चेसिस नंबरवरून (तुमचा जीएचएन४ ने सुरू व्हायला हवा, गाडी १९६९च्या अखेरची असेल तर जीएचएन५ ने) बनल्याची तारीख, मूळ रंग, मूळ इंजिन नंबर आणि गाडी कुठल्या देशासाठी गेली ते मिळतं. सर्टिफिकेट प्लेटशी जुळलं तर आरसीत लिहिताना चूक झाली. आरसीशी जुळलं तर इंजिन किंवा प्लेट नंतर बदललेली आहे.

पेठरोड_आरटीओ

कागदांशिवाय बाकी सगळं व्यर्थ आहे. मालक वारलेले, म्हणून आधी फॉर्म ३१ ने वारसाच्या नावावर गाडी चढेल. त्याला मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची संमती लागते. त्यानंतरच तुमच्या नावावर करायला विक्रीचे फॉर्म २९ आणि ३०. जुनं आरसी बुक आरटीओच्या ‘वाहन’ या संगणक प्रणालीत चढलंय का तेही विचारा. नसेल तर बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुनी नोंद नव्याने चढवणं, लागेल आणि ती वारसांनीच करून द्यावी. नोंदणीची मुदत संपलेली असणार, म्हणजे नूतनीकरणाचा फॉर्म २५, तपासणी आणि पर्यावरण कर. गाडी मुळात भारतात कशी आली, तेही पाहा. त्या काळच्या बऱ्याच परदेशी गाड्या दूतावासांकडून किंवा परदेशातून परतणाऱ्यांच्या सामानातून आल्या. बिल ऑफ एंट्री किंवा कस्टम्सचा एखादा कागद फायलीत असेल तर तो सोन्यासारखा जपा.

दुसरा रस्ता व्हिंटेज नोंदणीचा. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांवरची आणि चेसिस, बॉडीशेल, इंजिन यांत मोठा बदल न केलेली गाडी त्यात बसते. नवी नोंदणी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. पण ती गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन आणि देखभाल एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. रविवारी त्र्यंबकला किंवा इगतपुरीला फिरायचं मनात असेल तर साधी नोंदणीच नूतनीकरण करून ठेवा.

इंजिन नंबर जुळत नसताना बयाणा देऊ नका. तपासणीत चेसिस नंबरची पेन्सिल प्रिंट घेतात आणि इंजिन नंबरही ताडून बघतात, तिथे फाइल अडते.

सातपूर_लेथ

घेतलीच तर स्टार्टर मारून बघू नका, आणि विकणाऱ्यालाही मारू देऊ नका. चारही प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन चमचे पातळ तेल सोडा आणि दोन दिवस थांबा. मग चौथ्या गिअरमध्ये गाडी हळू ढकलून इंजिन फिरतंय का बघा. अडलं तर जोर लावू नका, बहुधा एखादा व्हॉल्व्ह गाइडमध्ये चिकटलेला असतो.

ऑइल बदला: २०डब्ल्यू-५०, फिल्टरसह साधारण सव्वाचार लिटर. प्लग काढलेलेच ठेवून स्टार्टरने फिरवा आणि प्रेशर गेज उठेपर्यंत प्लग लावू नका. या इंजिनांचा ऑइल पंप कोरडा पडला की तेल ओढत नाही. तसं झालं तर पंप काढून त्याच्या आत व्हॅसलीन भरतात. गरम इंजिनाला चालताना ५० ते ८० पीएसआय दिसलं तर बेअरिंग ठीक. कॉम्प्रेशन १६० पीएसआयच्या आसपास आणि चारही आकडे एकमेकांच्या १० टक्क्यांत हवेत.

पेट्रोलची टाकी उतरवून साफ करा, जुनं पेट्रोल चिकट वार्निश होऊन बसलेलं असतं. सगळे रबरी पाइप बदला, आताच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला चालणारेच घ्या. ब्रेक आणि क्लचचे सिलिंडर उघडा. इतकी वर्षं उभ्या गाडीत ते आतून खड्डे पडलेलेच निघतात, नुसती आतली रबरी सील बदलून उपयोग नाही. क्लच प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटलेली असू शकते. किंगपिनला (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खिळीला) प्रत्येक निपलमधून जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत नवं भरा. सीटमागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांची जागा असते, तिथला पत्रा हमखास सडतो. कार्पेट उचलून बघा.

काढलेला प्रत्येक मूळ पार्ट, अगदी होज क्लिपसुद्धा, पिशवीत घालून चिठ्ठी लावून ठेवा. टायर, पाइप, बॅटरी बदलल्याने गाडीची अस्सलता कमी होत नाही. मूळ भाग फेकून दिल्याने मात्र होते.

रंगाचं म्हणाल तर माझं मत, पूर्ण रंग मारा. चकचकीत गाडीला गिऱ्हाईक लवकर मिळतं.

स्पॅनर१३

बाकी सगळं पटलं, रंगाचं अजिबात नाही. बॉनेटवरचे १२० मायक्रॉन हाच या गाडीतला सर्वांत महाग भाग आहे. १९६९चा रंग एकदा घासला की कुठल्याही बूथमधून परत येत नाही आणि पुढचा जाणकार खरेदीदार पहिल्यांदा जाडीचं मीटरच लावतो. बारीक पॉलिशने हात फिरवा, तेही जाडी मोजत. १०० च्या खाली गेलात की थांबा, कडांवर तर मशीन लावूच नका. सिलचं काम करावंच लागेल, तेवढाच भाग जुन्या छटेला जुळवून रंगवा, आधीचे आणि कामाचे फोटो तारखेसह फायलीत लावा.

किमतीबद्दल: बंद गाडी, सिलमध्ये पुट्टी, न जुळणारा इंजिन नंबर आणि वारसांच्या नावावर नसलेले कागद. या स्थितीत २६ लाखांवर बोलणीच सुरू करू नका. चालत्या आणि स्वच्छ कागदांच्या एमजीबीचा इथला खरा भाव धरा, त्यातून दोन्ही सिलं, ब्रेक, टाकी, टायर आणि आरटीओचा खर्च वजा करा. डावं सिल गेलं असेल तर उजवंही गेलंय असंच धरून. मूळ रंगाचे थोडे जास्त द्या, मायलेजचे मात्र केबलची चाचणी आणि बिलं जुळल्यावरच. हेरिटेज सर्टिफिकेट हातात येईपर्यंत वारसांना थांबायला सांगा. त्यांचं म्हणणं खरं असेल तर त्या कागदाने त्यांचाच भाव वाढेल, त्यामुळे बहुधा तयार होतील.