मदत हवी आहे: कोरड्या डोळ्यांचे थेंब आणि काचबिंदूचे औषध

नमस्कार. माझ्या आईला काचबिंदूसाठी रोज रात्री डोळ्यांत औषध घालावे लागते. आता डोळे चुरचुरणे, वाळू गेल्यासारखे खुपणे आणि मधूनच पाणी येणे सुरू झाल्यामुळे नेत्रतज्ज्ञांनी तिला कार्बॉक्सिमिथाइलसेल्युलोज या डोळे ओलसर ठेवणाऱ्या घटकाचे ०.५ टक्क्याचे थेंब सुचवले आहेत, जे दुकानात चिठ्ठीशिवायही मिळतात. (कोरड्या डोळ्यांतून पाणी कसे येईल, हे तिला आधी पटेना, परंतु डोळ्याचा पृष्ठभाग चुरचुरला की प्रतिक्षिप्त क्रियेने अश्रू वाहतात.)

माझी काळजी बेन्झाल्कोनियम क्लोराइड या परिरक्षकाविषयी (औषध खराब होऊ नये म्हणून घालतात त्या प्रिझर्व्हेटिव्हविषयी) आहे. दिवसातून चारपेक्षा अधिक वेळा थेंब घालायचे असल्यास ते परिरक्षकविरहित असावेत असे सांगितले जाते; आईला त्याहून अधिक वेळा घालावे लागतात आणि तिच्या काचबिंदूच्या औषधातही हाच घटक आहे. एकदाच वापरायच्या छोट्या कुप्या महाग पडतात, शिवाय संधिवातामुळे तिला त्यांचे टोक पिळून मोडता येत नाही. परिरक्षकाशिवाय औषध टिकवणारी झडपेची बाटली कोणी वापरली आहे का? दुखऱ्या बोटांनी ती दाबली जाते का, आणि उघडल्यानंतर किती दिवस चालते?

दोन औषधांत किमान पाच मिनिटांचे अंतर आम्ही ठेवतोच. लाली घालवणारे थेंब मात्र कृपया सुचवू नयेत; ते रक्तवाहिन्या आकुंचित करतात, कोरडेपणा बरा करत नाहीत.