‘आमचा काही करत नाही हो’ म्हणणाऱ्या कुत्रामालकांचं काय करायचं?

सायकलस्वार_गंगापूररोड

आधीच सांगतो, विषय भटक्या कुत्र्यांचा नाही. नाहीतर चार प्रतिसादांत सगळे महापालिकेला शिव्या घालून मोकळे होतील. विषय पाळलेल्या कुत्र्यांचा आहे. ज्यांना नाव आहे, घर आहे, लसीचं कार्ड आहे (निदान असायला हवं), आणि तरीही जी सकाळ-संध्याकाळ गल्लीत मोकळी फिरतात.

परवा नाशिकला आमच्या गल्लीत पेपर टाकणारा पोऱ्या पडला. बंगल्याचं फाटक सताड उघडं होतं, आतून जर्मन शेफर्ड सुटला. पोरगं घाबरून सायकलसकट ढाप्यावर आपटलं. पोटरीला दात लागले, कोपर सोलवटलं. मालकीणबाई गाऊनवर बाहेर आल्या आणि त्यालाच म्हणाल्या, “अरे तो खेळतो. तू पळालास ना, म्हणून.” मग हातावर शंभराची नोट ठेवली आणि कुत्र्याला “बॅड बॉय” म्हणत आत नेलं. विषय संपला.

लस सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, मान्य. पण चार खेपा, प्रत्येक खेपेला रांग, आणि प्रत्येक रांगेमागे बुडालेलं काम. ते कोण भरून देणार?

माझं म्हणणं एवढंच: फाटकाबाहेर कुत्रं पट्ट्याशिवाय दिसलं तर पहिल्यांदा तोंडी सांगायचं, दुसऱ्यांदा लेखी तक्रार करायची. चावलं तर औषधाचा आणि बुडालेल्या रोजाचा पैसा मालकाने द्यायचा. कुत्रं उचलून न्या असं मी म्हणत नाहीये. बोला.

शेरूची_आई

माझ्याकडे एक लॅब्रॅडॉर आहे आणि एक गावठी, रस्त्यावरून उचलून आणलेला. दोघंही पट्ट्याशिवाय बाहेर पडत नाहीत. त्यामुळे त्या बाईंची बाजू मी घेणार नाही. फाटक उघडं ठेवलं ही त्यांची चूक, आणि शंभराची नोट तर फारच वाईट.

पण दादा, पुढे काय होतं तेही ऐका. असा एक प्रकार झाला की सोसायटीच्या सभेत ठराव येतो: कुत्री लिफ्टमधून न्यायची नाहीत, गार्डनमध्ये आणायची नाहीत, भाडेकरूंनी पाळायचीच नाहीत. बेशिस्त एकाची, शिक्षा आम्हाला. ॲनिमल वेल्फेअर बोर्डाने २०१५ मध्येच स्पष्ट केलंय की सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, बहुमताने ठराव केला तरी नाही. तो कागद मी फाईलला लावून ठेवलाय, कारण दर वर्षी नवीन चेअरमन येतो.

आणि मुलांना कोणी काही सांगणार आहे का? फाटकाच्या गजातून काठी खुपसायची, दगड मारायचे, आणि कुत्रं भुंकलं की “ॲग्रेसिव्ह आहे.”

रात्रपाळी

तुम्हा बंगलेवाल्यांचं बरं आहे. मी अंबडला कंपनीत सेकंड शिफ्ट करतो. बारानंतर पाथर्डी फाट्याकडे बाइकवर येऊन दाखवा. गळ्यात पट्टा असलेलं एक कुत्रं आजवर माझ्या मागे लागलेलं नाही. बिनपट्ट्याची टोळीच लागते. माझा एक सहकारी त्यांना चुकवताना डिव्हायडरला धडकला, खांद्यात प्लेट बसवली. त्याने कोणत्या मालकिणीकडे पैसे मागायचे?

खरा प्रश्न बाजूला ठेवून सोप्या माणसाला धरायचं चाललंय इथे.

सायकलस्वार_गंगापूररोड

@रात्रपाळी भाऊ, सोपा आहे म्हणूनच आधी धरायचा. टोळीला पत्ता नसतो. या कुत्र्याला पत्ता आहे, दारावर नावाची पाटी आहे. जिथे जबाबदार माणूस समोर उभा आहे तिथेही आपण काही करत नसू, तर पाथर्डी फाट्यावर काय करणार?

चिमटा

दारावर पाटी असतेच. ‘कुत्र्यापासून सावध.’ फाटक उघडं ठेवून पाटी लावली की कायदेशीर जबाबदारी पोऱ्यावर जाते, असा आपल्याकडे समज आहे.

पशुवैद्य_नाशिकरोड

रोज हीच जनावरं हाताळतो, म्हणून थोडं सविस्तर.

‘खेळतो’ हे मालक खोटं बोलत नाहीत, त्यांना ते खरंच तसं दिसतं. घरात कुत्रं लाडात असतं, फाटकाशी ते वेगळंच वागतं. दिवसभर गजाआडून येणाऱ्या-जाणाऱ्यावर भुंकायचं, आणि प्रत्येक माणूस शेवटी निघूनच जातो. कुत्र्याच्या हिशेबाने आपण भुंकलो म्हणून तो गेला. वर्षभर हा धडा गिरवला की एक दिवस फाटक उघडं सापडतं. सायकल, बाइक, पळणारा माणूस यांच्यामागे धावणं तर उपजतच आहे.

दुसरा प्रकार आखूड साखळीचा. पार्किंगच्या खांबाला दिवसभर बांधलेलं कुत्रं राखण करतं असं लोकांना वाटतं. ते घाबरलेलं असतं. पळता येत नाही, म्हणून चावतं. पिल्लू साधारण तीन आठवड्यांपासून तीन-साडेतीन महिन्यांपर्यंत जे बघतं, ते त्याला पुढे भीतीचं वाटत नाही. त्या काळात त्याला माणसं, मुलं, हेल्मेट, छत्री, घंटागाडी सगळं दाखवायला हवं. लोक नेमकं त्याच वयात त्याला गच्चीत कोंडतात आणि दोन वर्षांनी माझ्याकडे येतात, “डॉक्टर, ह्याला शांत होण्याचं काहीतरी द्या.” तसलं इंजेक्शन नाही. नसबंदीने भटकणं आणि मादीवरून होणारी भांडणं कमी होतात, ती करायलाच हवी, पण भीतीपोटी चावणारं कुत्रं तेवढ्याने सुधारत नाही.

अंगावर कुत्रं आलं तर पळू नका. थांबा, हात खाली ठेवा, डोळ्यांत डोळे घालू नका, पाठ न दाखवता हळूहळू मागे सरका. बाइकवर असाल तर वेग वाढवण्याऐवजी कमी करा.

चावलं तर वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं जखम धुवायची, घड्याळ लावून. हळद, मिरची, चुना, तंबाखू काहीही भरायचं नाही. मग लगेच दवाखाना. कातडीत देतात त्या लसीचे दिवस ०, ३, ७ आणि २८. रक्त आलं असेल तर लसीसोबत जखमेत सीरमही लागतं, ते मागून घ्या. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळपास कधीच वाचत नाही. म्हणून ‘पाळलेलंच आहे, चालतं’ म्हणत घरी बसू नका.

चावणारं कुत्रं दहा दिवस नजरेखाली ठेवायचं असतं. दहा दिवसांनंतरही ते ठणठणीत असेल तर डॉक्टर पुढचे डोस थांबवायचे की नाही ते ठरवू शकतात. ही सोय फक्त मालक असलेल्या कुत्र्याच्या बाबतीत मिळते. त्या बाईंनी शंभर रुपयांऐवजी लसीचं कार्ड दाखवलं असतं आणि कुत्रं बांधून ठेवलं असतं, तर पोराला त्याचा जास्त उपयोग झाला असता. @सायकलस्वार, कार्ड मागितलं का कोणी?

सायकलस्वार_गंगापूररोड

नाही मागितलं. डोक्यातच आलं नाही कुणाच्या. आज मागतो.

मळेवाला_मखमलाबाद

शहरातल्या लोकांचं बोलणं ऐकून हसू येतं. आमच्या मळ्यात तीन कुत्री आहेत, तिन्ही मोकळी. बांधली तर सकाळी नुसती साखळी उरते. बिबट्या बांधलेलं कुत्रं आधी उचलतो. पट्टा आम्हीही घालतो, पण खिळ्यांचा, मानेला दात लागू नये म्हणून.

रात्री पंपासाठी थ्री फेजची लाइट येते तेव्हा बागेला पाणी द्यायला जातो. पुढे कुत्रं असलं तर बिबट्याची चाहूल लागते. नसलं तर मलाच पुढे व्हावं लागतं. नियम करायचा तर गंगापूर रोडला करा, सरसकट करू नका. आणि बिबट्याचं म्हणाल तर तुमच्याकडेही तो येऊन गेलाय. २०१९ च्या जानेवारीत सावरकरनगरात शिरला होता, विसरलात का? शहराच्या कडेला कुत्री, डुकरं आणि उकिरडा असला की त्याला शिकारीसाठी ऊस शोधावा लागत नाही.

वकिली_कोट

कायद्याचं थोडं, कारण इथे बरेच समज फिरतायत.

पाळीव प्राण्यापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापतीचा संभव आहे हे माहीत असून, किंवा हलगर्जीने, पुरेशी काळजी न घेणं हा गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. १ जुलै २०२४ पूर्वी हेच भारतीय दंड विधानाचं कलम २८९ होतं आणि दंड एक हजार होता. प्रत्यक्ष इजा झाली तर कलम १२५ सुद्धा लावता येतं. पाटी लावून सुटका होत नाही, @चिमटा यांचा टोमणा योग्य आहे.

पण उशीर किती होतो ते बघा. मुंबईत एका रॉटवायलरने २०१० मध्ये चावा घेतला, गिरगावच्या न्यायालयाने मालकाला तीन महिन्यांची शिक्षा सुनावली २०२३ मध्ये. पेपरवाल्या पोराला तेरा वर्षं थांबायला सांगणार का? त्यामुळे माझा सल्ला असा: दवाखान्याच्या केसपेपरवर ‘पाळीव कुत्रा’ असं लिहून घ्या, फाटकाचा फोटो काढा, शेजाऱ्यांची दोन ओळींची निवेदनं घ्या, आणि मालकाला लेखी पत्र द्या. निम्मी प्रकरणं पत्रावरच मिटतात.

भटक्यांबद्दल: २०२३ च्या ॲनिमल बर्थ कंट्रोल नियमांप्रमाणे नसबंदी आणि लस करून कुत्रं जिथून उचललं तिथेच सोडायचं. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात तेच कायम ठेवलं, रेबीज झालेली आणि आक्रमक कुत्री वगळून. रस्त्यात कुठेही खायला घालायचं नाही, त्यासाठी ठरावीक जागा नेमायच्या, हेही त्यातच आहे. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वेस्थानकं इथून कुत्री हलवायची आणि परत तिथे सोडायची नाहीत असं ठरलं. कुत्र्याला विष घालणं किंवा जायबंदी करणं हा गुन्हाच आहे, कलम ३२५, पाच वर्षांपर्यंत. काही प्रतिसाद त्या दिशेने जाण्याआधी सांगून ठेवतो.

रात्रपाळी

वकीलसाहेब, म्हणजे टोळीतलं आक्रमक कुत्रं कोणतं हे मी रात्री साडेबाराला ओळखायचं आणि अर्ज करायचा. चांगलं आहे.

कॉलनीतली_मावशी

मी रोज सहा-सात कुत्र्यांना घालते. चपात्या, भात, कधी पेडिग्री. मला लोक रस्त्यात अडवून बोलतात, म्हणून इथेच उत्तर देते.

मी घालते त्या सगळ्यांच्या कानाला काप आहे, म्हणजे नसबंदी झालेली आहे. पकडायला गाडी आली तेव्हा त्यांना जवळ बोलवून मीच हातात दिली, कारण अनोळखी माणसाला ती सापडत नाहीत. खायला घालणारा माणूस नसेल तर कुत्री जातील असं नाही, ती फक्त पकडता येणार नाहीत. आणि रात्री उशिरा कचऱ्याच्या पिशव्या कोपऱ्यावर फेकणारे तुम्हीच. घंटागाडी सकाळी दारात येते, तोवर घरात ठेवायला काय होतं?

रात्रपाळी

मावशी, रागावू नका, पण मग ती तुमचीच झाली. रोज घालता, नावाने हाक मारता, हाकेला येतात. उद्या त्यांतलं एक कोणाला चावलं तर ते ‘भटकं’ कसं? धागाकर्त्याचा नियम तुम्हालाही लागू करा: इंजेक्शन आणि रोज तुमच्याकडून.

कॉलनीतली_मावशी

मी आणली नाहीत, विकत घेतली नाहीत. तुमच्यासारख्यांनी कंटाळून सोडलेल्या पॉमेरियनची पिल्लंही आहेत त्यात.

शेरूची_आई

@रात्रपाळी, असं केलंत तर उद्यापासून कोणी घालणार नाही आणि पकडायला मदतही करणार नाही. कान कापलेलं एकही कुत्रं दिसणार नाही.

पशुवैद्य_नाशिकरोड

मावशींचा सोडून दिलेल्या कुत्र्यांचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. बदली झाली, बाळ झालं, कुत्रं म्हातारं झालं की गोदापार्कच्या बाजूला नेऊन सोडतात. नसबंदी न केलेलं पाळीव कुत्रं रात्री मोकळं सुटतं, त्याची पिल्लं दोन महिन्यांनी रस्त्यावर. एखाद्या भागातल्या सुमारे ७० टक्के कुत्र्यांची नसबंदी आणि लस झाल्याशिवाय फरक दिसत नाही असं मानतात. पाळीव कुत्री या हिशेबाबाहेर राहिली तर ते गणित कधीच जुळणार नाही. धागाकर्ते आणि रात्रपाळी एकाच गोष्टीबद्दल भांडतायत.

सायकलस्वार_गंगापूररोड

अपडेट. कार्ड बघितलं. शेवटची रेबीजची लस पावणेदोन वर्षांपूर्वीची. दर वर्षी द्यायची असते हे बाईंना माहीत नव्हतं, किंवा तसं म्हणाल्या. वकीलसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे पत्र दिलं, दोन शेजाऱ्यांच्या सह्या घेतल्या, तिसऱ्याने “संबंध बिघडतील” म्हणून टाळलं. बाईंच्या यजमानांनी औषध आणि चार दिवसांचा रोज द्यायचं कबूल केलं. फाटकाला स्प्रिंगही बसवणार म्हणाले. मुसकं घालायला मात्र साफ नकार, “आमचं कुत्रं गुन्हेगार आहे का” म्हणून.

शेरूची_आई

मुसकं नको हे माझंही मत. पट्टा धरणारा माणूस धड असला तर त्याची गरज पडत नाही. त्या घरात कुत्रं सकाळी कोण फिरवतं? बहुतेक ठिकाणी कामवाल्या ताई नाहीतर वॉचमन. पन्नास किलोचं जनावर पंचेचाळीस किलोच्या माणसाच्या हातात.

चिमटा

आणि चावलं तर पगार वॉचमनचाच कापणार.

मळेवाला_मखमलाबाद

माझ्या मुद्द्याचं उत्तर राहिलं. मळ्यातली कुत्री रस्त्यावर येऊन शाळेच्या पोरांमागे लागतात हे खरं आहे, मागच्या वर्षी वाद झालाय. पण सात एकराला जाळी मारायचा खर्च बागेला झेपत नाही, यंदा द्राक्षाला भाव काय मिळाला ते तुम्हाला माहीत आहे. बांधली तर बिबट्या नेतो.

सायकलस्वार_गंगापूररोड

भाऊ, सात एकर नको. शाळा सुटायच्या आणि भरायच्या वेळेला, उजेडात, घराजवळ बांधा. रात्री सोडा.

मळेवाला_मखमलाबाद

दिवसा बांधायला हरकत नाही. पण म्हातारी घरी एकटी असते, आणि बांधलेलं कुत्रं दिवसभर ओरडतं, मग तिचा फोन येतो. बघतो, गोठ्याच्या मागे जाळीचा खुराडा करता येतो का. शेजारच्याची चार कुत्री आहेत, त्याला तुम्ही सांगा, माझं ऐकत नाही तो.