स्टेटसवर श्रद्धा चालते, मग अश्रद्धेनेच का बिघडते?

पूर्वभागकर (प्रश्न):
सोलापुरात पूर्व भागात आमचा टॉवेल-चादरींचा छोटा व्यवसाय असून घरचा आणि धंद्याचा व्हॉट्सॲप क्रमांक एकच आहे. गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांचे आणि पांढऱ्या बाराबंदीतील भक्तांचे, नारळी पौर्णिमेला मार्कंडेय रथोत्सवाचे फोटो मी स्टेटसला ठेवतो, तेव्हा मावशीपासून परगावच्या व्यापाऱ्यांपर्यंत सगळे हात जोडल्याची चिन्हे पाठवतात. गेल्या महिन्यात मात्र ‘मी नवस-उपवास मानत नाही’ एवढे एकच वाक्य लिहिले, तर संध्याकाळच्या आत काकांचा फोन आला आणि एका जुन्या गिऱ्हाइकाने ‘तब्येत बरी आहे ना?’ अशी चौकशी केली. कोणाच्याही देवाला मी नावे ठेवली नव्हती. स्वतःच्या मतांविषयी किती उघडपणे लिहावे, हे आपण कसे ठरवता?

निवृत्त_ग्रंथपाल:
उत्सवाच्या फोटोला लोक रीत समजतात आणि वाक्याला भूमिका, त्यामुळे हा फरक पडतो. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने 24 ऑगस्ट 2017 रोजी गोपनीयता हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला, त्यात श्रद्धा निवडण्याबरोबरच ती जगासमोर मांडण्याचे किंवा न मांडण्याचे स्वातंत्र्यही व्यक्तीचेच असल्याचे म्हटले आहे. काकांना हे ऐकवून उपयोग नाही, हे मान्य! स्टेटस कोणाला दिसावे हे सेटिंगमध्ये निवडता येते, परंतु स्क्रीनशॉट कोणीही काढू शकतो, हे गृहीत धरूनच लिहावे.

संगणक_शिक्षक:
न लिहिल्याने सर्व काही झाकलेले राहते, असेही नाही. फेसबुकने डिसेंबर 2022 मध्ये प्रोफाइलमधील धार्मिक व राजकीय मतांचे रकाने काढून टाकले. मात्र 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अमेरिकेतील 58,000हून अधिक स्वयंसेवकांच्या माहितीच्या आधारे, केवळ ‘लाइक्स’वरून माणसाचा धर्म आणि राजकीय कल बऱ्याच अचूकपणे ओळखता येतो, असे आढळले होते.

विजापूर_रोड:
मुळात न सांगण्याची सोय सर्वांना सारखी मिळत नाही. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा चार भाषांच्या आपल्या शहरात आडनाव कानावर पडताच समोरचा माणूस जात, भाषा आणि राहण्याची पेठ यांचा हिशेब मनातल्या मनात मांडून मोकळा होतो. माझ्या प्रोफाइलवर नावापलीकडे काहीही नाही. तरीही भाड्याने घर शोधताना, फोनवर नाव सांगताच, सकाळपर्यंत रिकामी असलेली खोली ‘आताच गेली’ असे मला ऐकावे लागले आहे. लोक अंदाज बांधणारच आहेत, म्हणून मी स्वतःविषयी स्वतःच्या शब्दांत लिहितो. आपणही ते वाक्य काढू नये, असे मला वाटते.

पूर्वभागकर:
वाक्य काढणार नाही. दुसरे सिम घ्यायचे ठरवले आहे. पण भाव विचारणारे व्यापारी जुन्याच क्रमांकावर येतात, तेव्हा तो धंद्याकडे ठेवून घरच्यांनाच नवा क्रमांक देणे अधिक सोयीचे होईल.