हनोईत समकालीन कला आणि प्रायोगिक नाटक पाहायचंय: कुठे, कधी, कसं?

पडदा_उघडा:
नमस्कार मंडळी. नोव्हेंबरच्या मध्याला आठवडाभर हनोईत असेन. पाण्यावरच्या बाहुल्यांचा खेळ कुठे बघायचा हे सगळीकडे लिहिलेलं आहे, ते नकोय. आज काम करणाऱ्या चित्रकारांची प्रदर्शनं, मांडणशिल्पं, परफॉर्मन्स आणि शक्य झालं तर प्रायोगिक नाटक बघायचं आहे. नकाशावर ‘आर्ट गॅलरी’ शोधलं की जुन्या शहरातली टोपलीवाल्या बायकांची चित्रं विकणारी दुकानं समोर येतात. खरं काम कुठे बघायला मिळतं? व्हिएतनामी येत नसेल तर नाटक कसं बघावं? आणि तिकिटं वगैरे आधी काढावी लागतात का?

भिंतीवरचा_खिळा:
पहिली गोष्ट, हनोईत नकाशा घेऊन कला शोधायला निघू नका, दिनदर्शिका घेऊन निघा. कायमचं समकालीन संग्रहालय म्हणावं असं काही शहराच्या मध्यात नाही. प्रदर्शनं लहान जागांमध्ये लागतात, काही आठवड्याभरात उतरतात आणि दोन प्रदर्शनांच्या मधल्या दिवसांत दालन सरळ बंद असतं. ‘हनोई ग्रेपवाइन’ ही इंग्रजी कार्यक्रमसूची २००७ पासून चालते आहे, निघण्याच्या आधीच्या आठवड्यापासून ती रोज बघा. त्यानंतर त्या त्या जागेचं फेसबुक पान. बऱ्याच जागांच्या संकेतस्थळांवर जुनीच माहिती राहते, फेसबुकवर मात्र वेळेतला बदल त्याच दिवशी दिसतो.

सुरुवात मान्झीपासून करा. १४, फान हुई इच रस्ता. जुना फ्रेंच बंगला, २०१२ पासून सुरू. खाली कॅफे, वर विक्रीसाठी कामं, आणि संध्याकाळी कधी वाचन, कधी संगीत, कधी परफॉर्मन्स. मोठी प्रदर्शनं त्यांच्या दुसऱ्या जागेत, जवळच्या हांग बुन गल्लीत लागतात. लोक पहिल्या पत्त्यावर कॉफी पिऊन परततात आणि ‘फारसं काही नव्हतं’ म्हणतात, त्याचं कारण हेच. काउंटरवर विचारा.

न्या सान हे नाव वाचाल. मुओंग जमातीचं खांबांवरचं लाकडी घर हनोईत आणून उभं केलेलं. तिथे न्गुयेन मान्ह दुक आणि त्रान लुओंग यांनी १९९८ मध्ये स्टुडिओ सुरू केला आणि शहरातल्या प्रयोगशील कलेची एक पिढी त्या घरात वाढली. एका परफॉर्मन्सवरून वाद झाल्यावर तिथले जाहीर कार्यक्रम थांबले. पुढच्या पिढीने २०१३ मध्ये न्या सान कलेक्टिव्ह उभं केलं, आणि २०२२ च्या ‘डॉक्युमेंटा’ या जर्मनीतल्या मोठ्या समकालीन कलाप्रदर्शनात ते सहभागी होतं. त्यांची जागा अनेकदा बदलली आहे, त्यामुळे जुन्या प्रवासवर्णनातल्या पत्त्यावर जाऊ नका. चालू कार्यक्रमाच्या सूचनेत जो पत्ता असेल तोच धरा.

न्गुयेन थाई हॉक रस्त्यावर अर्धा दिवस काढा. ६६ क्रमांकाला राष्ट्रीय ललितकला संग्रहालय, आणि त्याच बाजूला ५६ ते ६० मध्ये गोएथे इन्स्टिट्यूट, म्हणजे जर्मन सांस्कृतिक केंद्र. माहितीपट आणि प्रयोगपट करणाऱ्यांसाठी न्गुयेन त्रिन्ह थी यांनी २००९ मध्ये ‘हनोई डॉकलॅब’ इथेच सुरू केलं. फ्रेंच केंद्र २०२२ मध्ये त्राँग तिएनवरून १५, थिएन क्वांग इथे हललं आहे. जुनी पुस्तकं अजून जुनाच पत्ता देतात. परदेशी सांस्कृतिक केंद्रं मुद्दाम सांगतोय, कारण नृत्य, ध्वनी आणि परफॉर्मन्स इथे जास्त लागतात आणि बोलणं निदान दोन भाषांत होतं.

१६, न्गो क्वेन इथलं प्रदर्शनगृह आणि कला विद्यापीठाचं ४२, येत किएउ इथलं दालन यांवरून जाता जाता नजर टाका. कधी फार सामान्य असतं, कधी एखाद्या विद्यार्थ्याचं काम थांबवून ठेवतं. हे विद्यापीठ म्हणजे व्हिक्टर तार्दिएनी १९२५ मध्ये सुरू केलेलं इंडोचायना कलाविद्यालय, त्यामुळे वास्तू म्हणूनही बघण्यासारखं.

सोनमाय:
वरच्या प्रतिसादात संग्रहालय एका ओळीत गेलं, त्यावर थोडं थांबायला हवं. तिथली लाखेची चित्रं आधी नीट पाहिल्याशिवाय शहरातली आजची बरीच मांडणशिल्पं अर्धीच कळतील. हे साहित्य अजून जिवंत आहे. फी फी ओआन्हसारखी कलावंत याच लाखेतून खोलीएवढ्या रचना करते.

पद्धत अशी. लाकडी फळीवर कापड चिकटवतात, त्यावर झाडाचा चीक आणि माती यांचे थर देतात, प्रत्येक थर घासतात. या तयार फळीवर अंड्याचं कवच, चांदीचा आणि सोन्याचा वर्ख, रंगवलेली लाख असं थरांवर थर चढतं. शेवटी पारदर्शक लाखेने सगळं झाकून टाकतात आणि पाणी घेऊन घासत घासत चित्र वर काढतात. म्हणजे चित्रकार रंग लावून जेवढं काढतो तेवढंच घासूनही काढतो. थोडं जास्त घासलं की खालचा वर्ख उघडा पडून चित्र भाजल्यासारखं दिसतं, कमी घासलं तर सगळं काळपट राहतं.

आणखी एक गोष्ट आपल्याला उलटी वाटेल. ही लाख कोरड्या हवेत वाळत नाही. चिकातलं विकर ओलाव्यातच काम करतं, म्हणून थर दिलेली फळी दमट, बंद कपाटात ठेवतात. उत्तर व्हिएतनामची हवा या कलेला मानवते ती यामुळेच. ताज्या चिकाने अंगावर पुरळ उठतं, आपल्या बिब्ब्यासारखं. कार्यशाळेत हात लावायला दिलं तर हातमोजे मागून घ्या. अनेक कार्यशाळांत कृत्रिम लाख वापरतात, ती लवकर वाळते आणि अंगावर उठत नाही, पण खोली येत नाही. अस्सल लाख सुरुवातीला गडद असते आणि वर्षांनुवर्षं उघडत, उजळत जाते.

संग्रहालयात लाखचित्रकार न्गुयेन जिया त्री यांचं काम समोरून बघून झालं की बाजूला सरका आणि तिरप्या उजेडात बघा. वर्खाचा थर किती खोल आहे ते तेव्हाच दिसतं. त्यांचंच नऊ फळ्यांचं मोठं चित्र हो ची मिन्ह शहराच्या संग्रहालयात आहे, राष्ट्रीय ठेवा म्हणून जाहीर झालेलं. काही वर्षांपूर्वी त्याची सफाई करताना भांडी घासायचं द्रावण, पॉलिशची भुकटी आणि पॉलिशपेपर वापरला गेला, आणि ज्या पारदर्शक थरावर चित्राची सगळी खोली उभी होती तोच झिजला. थरांचं चित्र म्हणजे काय ते यावरून कळावं.

तिसरी_घंटा:
नाटकाबद्दल. ‘प्रायोगिक’ म्हटल्यावर आपल्याला छोटं दालन आणि पन्नास-शंभर प्रेक्षक आठवतात. हनोईत तसं कायमचं छोटं नाट्यगृह गृहीत धरू नका. बरीच नाट्यगृहं आणि पगारी नटसंच सरकारी आहेत, त्यामुळे प्रयोगशील काम दोन ठिकाणी होतं. एक, सरकारी नाट्यसंस्थांच्या पोटात. दोन, स्वतंत्र गट मोठी नाट्यगृहं रात्रीपुरती भाड्याने घेतात तेव्हा.

पहिल्या प्रकारात ‘न्या हात तुओई त्रे’, म्हणजे युवा नाट्यसंस्था, ११, न्गो थी न्याम. स्थापना १९७८. अभिनेत्री लान हुओंग यांनी इथे देहबोलीच्या नाटकाचं पथक उभं केलं. शब्द कमी, शरीर जास्त, त्यामुळे भाषा न येणाऱ्याने असलं काही लागलं तर सोडू नये. दुसऱ्या प्रकारात दिग्दर्शक त्रान लुक यांचा ‘लुकटीम’ हा गट, २०१७ पासून. लोंग चुओंग यांचं १९६० चं ‘क्वान’ हे प्रहसन त्यांनी सुरुवातीलाच केलं: जवळजवळ रिकामा रंगमंच, मोजकी सामग्री, नटाच्या अंगावर सगळा भार.

हे कुठून आलं ते कळलं तर नाटक दुप्पट दिसतं. व्हिएतनाममधलं गद्य नाटक फ्रेंच वळणावर सुरू झालं. वू दिन्ह लोंग यांच्या नाटकाचा हनोईच्या ऑपेरागृहातला २२ ऑक्टोबर १९२१ चा प्रयोग तिथे आरंभ मानतात. पुढे सोव्हिएत प्रशिक्षणातून वास्तववादी अभिनय पक्का झाला. त्रान लुक यांचं शिक्षणही बल्गेरियातलं. पण त्यांचे वडील त्रान बांग म्हणजे ‘चेओ’ या लोकनाट्याचे मोठे दिग्दर्शक आणि अभ्यासक. चेओ हे देवळाच्या किंवा गावच्या सभागृहाच्या अंगणात चटई पसरून होणारं नाटक. चटईला एक फेरी मारली की प्रवास झाला, पंखा उघडला की पत्र झालं. ढोलवाला आणि प्रेक्षक मधूनच नटाला प्रश्न टाकतात आणि नट त्यांना उत्तर देतो. हनोईतला आजचा प्रयोग बराचसा या संकेतांकडे परत वळलेला आहे, पाश्चात्त्य अवांगार्दकडे त्या मानाने कमी. तमाशा आणि दशावतार पाहिलेल्या मराठी प्रेक्षकाला हे पकडायला वेळ लागणार नाही.

म्हणून क्रम सुचवतो: आधी किम मा रस्त्यावरच्या चेओ नाट्यगृहात किंवा ५१, दुओंग थान्ह इथल्या ‘तुओंग’ या पारंपरिक संगीतनाट्याच्या नाट्यगृहात एक प्रयोग, मग नवं नाटक. उलट क्रमाने गेलात तर नवं नाटक नुसतं ‘कमी नेपथ्याचं’ वाटेल.

व्यवहाराचं. प्रयोग बहुतेक रात्री ८ ला. इंग्रजी अक्षरपट्टी असेल असं धरूनच चालू नका. मोठ्या महोत्सवातही पट्टी बहुधा परक्या भाषेतल्या नाटकांना असते आणि ती व्हिएतनामीत असते. नाटकाचं नाव कळलं की कथानक आधी वाचून जा. तिकिटं ‘टिकेटबॉक्स’वर किंवा नाट्यगृहाच्या खिडकीवर. कधी ती फक्त गटाच्या फेसबुक पानावर निरोप पाठवून राखावी लागतात. स्वतंत्र गटांचे प्रयोग सलग लागत नाहीत, एखाद्या आठवड्यात एक, नंतर मोठा खंड. तुमच्या आठवड्यात एकही नसेल, हे मनाशी धरून चेओ आणि देहबोलीचं नाटक पक्कं ठेवा.

आंतरराष्ट्रीय प्रायोगिक नाट्यमहोत्सव हनोईत २०१६, २०१९ आणि २०२२ मध्ये झाला, म्हणजे दरवर्षीचा नाही. तारीख आणि शहर बघितल्याशिवाय त्यावर प्रवास बेतू नका.

पडदा_उघडा:
सगळ्यांचे आभार, फार उपयोगी. एक पोटप्रश्न. आमचा चार जणांचा गट आहे. एखाद्या कॅफेत चाळीस मिनिटांचं अभिवाचन ठेवता येईल का? मराठीत, सोबत इंग्रजी सारांश. तिथे परवानगी लागते का?

संहिता_तीन_प्रती:
लागते, आणि ‘कॅफेत छोटंसंच आहे’ म्हणून सोडून देऊ नका. कार्यक्रम थांबला तर तुम्ही विमानाने निघून जाल, निस्तरावं लागेल ते जागावाल्याला.

सादरीकरणासाठी सध्या १४४/२०२० हा सरकारी आदेश पायाभूत आहे, १ फेब्रुवारी २०२१ पासून लागू. महाराष्ट्रात आपण रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे संहिता देतो, तसंच तिथेही संहिता आधी जाते. फरक असा की प्रमाणपत्र संहितेचं नसतं, त्या ठिकाणच्या, त्या तारखांच्या कार्यक्रमाचं असतं. नाट्यगृह बदललं की नव्याने कागद. अर्जासोबत संहिता, सादर होणाऱ्या कृतींची यादी, लेखकांची नावं आणि आशयाला जबाबदार व्यक्तीचं नाव द्यावं लागतं. परक्या भाषेतल्या संहितेला व्हिएतनामी भाषांतर, तेही प्रमाणित. कागद पूर्ण असतील तर उत्तर कामाच्या ५ दिवसांत. सगळं अडतं ते भाषांतरावर. इंग्रजी सारांश चालत नाही, आणि मराठीवरून थेट व्हिएतनामी करून प्रमाणित करणारा माणूस मिळणं कठीण. म्हणून मराठीचं पूर्ण इंग्रजी करून न्या आणि त्यावरून व्हिएतनामी करून घ्या. चाळीस मिनिटांच्या संहितेला निदान तीन आठवडे धरा.

अर्ज तिथल्या नोंदणीकृत संस्थेमार्फत करा. पर्यटक म्हणून तुम्ही थेट करू नका. हॉटेल, रेस्टॉरंट, करमणुकीच्या जागा यांच्यासाठी मंजुरीऐवजी आधी सूचना देण्याची वेगळी पद्धत आहे, पण तुमचं वाचन त्यात बसतं का हे जागावाल्याने स्थानिक कार्यालयात विचारलेलं बरं. १ जुलै २०२५ पासून जिल्हे रद्द होऊन वॉर्ड थेट शहराखाली आले आहेत. जुन्या जिल्हा कार्यालयाचा पत्ता देणारी माहिती आता निरुपयोगी.

प्रदर्शनाचं वेगळं. ११३/२०१३ या आदेशानुसार कृतींची यादी, प्रत्येकीचं साहित्य, आकार, वर्ष आणि १०×१५ सेंटिमीटरचा रंगीत फोटो. मांडणशिल्प जागेवरच घडत असेल तर फोटो काढायचा कशाचा, ही तिथल्या कलावंतांची खरी अडचण. प्रदर्शनांची घोषणा शेवटच्या क्षणी का होते आणि परफॉर्मन्स ‘कार्यशाळेतलं खुलं सत्र’ म्हणून का लागतात, याचं बरंचसं उत्तर इथे आहे. अशा सत्राला बोलावलं तर जरूर जा, पण चित्रीकरण विचारल्याशिवाय करू नका आणि लगेच समाजमाध्यमांवर टाकू नका.

माझं मत: आठवड्याच्या मुक्कामात जाहीर अभिवाचनाचा खटाटोप करू नका. कार्यशाळेत कुणाला भेटून संहिता द्या, पुढच्या वर्षासाठी बोला.

भिंतीवरचा_खिळा:
वरच्याशी सहमत. नोव्हेंबर मात्र छान निवडलात. शहराचा सर्जनशील डिझाइन महोत्सव याच महिन्यात येतो: २०२३ ला १७ ते २६ तारखेला, २०२४ ला ९ ते १७ ला. २०२३ मध्ये १९०५ चा जिया लाम रेल्वे कारखाना खुला केला होता, आणि हांग दाउ चौकातली १८९४ ची दगडी पाण्याची टाकी आतून प्रकाश-ध्वनीच्या मांडणशिल्पासह पहिल्यांदाच लोकांना बघायला मिळाली. रांगा प्रचंड लागल्या. असं काही असेल तर कामाच्या दिवशी सकाळी उघडताक्षणी पोहोचा. शनिवार-रविवारी संध्याकाळी आत पाच मिनिटंही मिळत नाहीत.

महोत्सव नसला तरी त्याच चौकापासून चालत दोन गोष्टी होतात. फुंग हुंग रस्त्यावर रेल्वेच्या कमानींवरची भित्तिचित्रं, २०१८ ची. आणि लाल नदीच्या काठाने फुक तान, तिथे न्गुयेन थे सोन यांच्या पुढाकाराने २०२० मध्ये कचऱ्याच्या ढिगाऱ्यांच्या जागी टाकाऊ वस्तूंतून कामं उभी राहिली. उघड्यावर असल्याने काही झिजली आहेत. सकाळच्या उजेडात जा, काठाने गल्ल्या अरुंद आहेत.

फेब्रुवारी-मार्चमध्ये जाणाऱ्या इतरांसाठी: तेव्हा ‘नोम’ असतो, हवा इतकी दमट की फरशी आणि भिंतींना पाणी सुटतं. कागदावरची कामं फुगतात, प्रोजेक्टरच्या काचेवर धुकं येतं, व्हिडिओची दालनं मध्येच बंद ठेवतात. आणि तेतच्या, म्हणजे चांद्र नववर्षाच्या, आगेमागे शहर बंदच.

खिडकी_जवळची:
छोटी भर. ई-व्हिसा एकदाच्या प्रवेशाला २५ डॉलर, ९० दिवसांपर्यंत मिळतो. अर्ज सरकारी संकेतस्थळावरूनच करा, मिळत्याजुळत्या नावाची दलालांची पानं दुप्पट घेतात. पासपोर्टवरचं पूर्ण नाव, मधल्या नावासकट, जसंच्या तसं टाका, आपल्याकडे वडिलांचं नाव गाळण्यामुळे अर्ज परत येतात. विमानतळावरून ८६ क्रमांकाची बस होआन किएम तळ्याजवळून जाते. मान्झी, टाकी आणि फुंग हुंग एकाच चालण्यात होतात. न्गो थी न्यामचं नाट्यगृह तळ्याच्या दक्षिणेला आहे, रात्री नाटक सुटल्यावर तिथून ग्रॅब, म्हणजे अ‍ॅपवरची टॅक्सी, लगेच मिळते.